बंदुकीवरचं ग्रीस आणि आपलं पेरणी यंत्र



रोहिणी लागल्या त्या दिवशी गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमधून पेरणी यंत्र बाहेर ओढलं. रब्बीची पेरणी उरकल्यावर मी स्वतः बसून त्याला सगळीकडं ग्रीस चोपडलं होतं, गंज लागू नये म्हणून. गंज लागला नव्हता, हे खरं. पण ग्रीस वाळून पिवळट मेणासारखं झालेलं, आणि बियाणं सोडणारा रोलर हाताने फिरेना. चाक फिरवलं तर साखळी ताणून कटकट वाजायला लागली.

तेवढ्यात शेजारचे तात्या बांधावरून चालले होते. तात्या फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी शस्त्रं दुरुस्त करायच्या वर्कशॉपात गेली. त्यांनी रोलरवर नख मारलं, ग्रीसचा कपचा निघाला तो बोटात चुरला आणि हसले. म्हणाले, "लावलंस झाक. पण काढायचं कुणी? आमच्या रायफलीचं आन् तुझ्या यंत्राचं दुखणं एकच हाय बघ."

मग चहा झाला, आणि चहाबरोबर तात्यांच्या गोष्टी. नव्या पेट्या उघडल्या की पहिले दोन दिवस रायफल दिसायचीच नाही, नुसतं ग्रीस दिसायचं, असं ते सांगत होते. त्यानंतर रोज रात्री मी त्या विषयावर वाचत बसलो. बंदुकीवरच्या ग्रीसला एवढा इतिहास असेल असं वाटलं नव्हतं. आजची नोंद त्याचीच. जरा लांब आहे, पण मृगाआधी वाचा. शेवटी आपल्याच कामाचं निघतं.

आधी होती चरबी

लोखंडाला हवा आणि ओल एकत्र मिळाली की गंज चढतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. विळा एक पावसाळा बाहेर राहिला की कळतं. गंज रोखायचा तर लोखंड आणि हवा यांच्यामध्ये काहीतरी आडवं घालायला लागतं. जुन्या काळी ते म्हणजे जनावराची चरबी, मेण नाहीतर गोडं तेल.

बंदूक आणि चरबी हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याला १८५७ आठवतं. ती चरबी मात्र बंदूक ठेवून देण्यासाठीची नव्हती. नव्या एनफिल्ड रायफलीचं कागदी काडतूस नळीत सहज उतरावं म्हणून त्याला वंगण लावलेलं असायचं, आणि ते काडतूस दातांनी फाडायला लागायचं. त्या वंगणात गाईची आणि डुकराची चरबी आहे ही बातमी जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडमहून पसरली. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उठले. मेरठला ८५ स्वारांनी काडतूस हातात घ्यायला नकार दिला, त्यांना बेड्या पडल्या आणि १० मे रोजी भडका उडाला. वंगण कशापासून केलंय, हा प्रश्न लष्कराच्या साहेबांना किरकोळ वाटला होता. शिपायाला तो किरकोळ नव्हता.

चरबीत दुसरा एक दोष होता, तो धर्माशी नव्हे तर रसायनाशी निगडित. चरबी आणि गोडं तेल काही महिन्यांनी खवट होतं. खवट झालं की त्यात आम्ल तयार होतं आणि ते धातूला खातं. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात आंबट ताक ठेवलं की ते कळकतं, तसाच काहीसा प्रकार. म्हणजे गंज नको म्हणून जे लावायचं, तेच सावकाश लोखंड खायला लागायचं. एका मोसमासाठी ठीक. वीस वर्षं ठेवायचं असेल तर निरुपयोगी.

तेलाच्या विहिरीतला चिकटा

यावरचा इलाज सापडला तो १८५७ नंतर थोड्याच काळात, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात. १८५९ साली टायटसव्हिल या गावी एडविन ड्रेक याने खनिज तेलाची विहीर पाडली. तेल उपसणाऱ्या पंपाच्या दांड्यांवर एक काळपट मेणचट चिकटा साठायचा. कामगारांना तो नकोसा, कारण त्याने पंप अडायचा. पण हाताला कापलं, भाजलं की तेच कामगार तो चिकटा जखमेवर लावायचे. रॉबर्ट चेसब्रो नावाच्या रसायन जाणणाऱ्या तरुणाने तो नेला, गाळून साफ केला आणि १८७२ साली त्याचं पेटंट घेतलं. तेच आपलं घरातलं व्हॅसलीन.

त्याच सुमाराला फिलाडेल्फियाच्या हॉटन कंपनीने असाच पदार्थ 'कॉस्मोलीन' या नावाने विकायला काढला. तोसुद्धा आधी मलम म्हणूनच, माणसांसाठी आणि घोड्यांसाठी. पुढं लक्षात आलं की हा पदार्थ खवट होत नाही, आम्ल सोडत नाही, पाणी धरत नाही. मग घोड्याच्या जखमेवरचं मलम बंदुकीवर गेलं आणि बंदुकीचंच झालं. इंग्रजांच्या फौजेत अशा पदार्थाला 'मिनरल जेली' म्हणायचे. ही जेली त्यांच्या काडतुसातही होती. .३०३ रायफलीच्या जुन्या कॉर्डाइट दारूत शंभर भागांत पाच भाग मिनरल जेली असायची.

लष्करी कॉस्मोलीन पुढं बरंच दाट करण्यात आलं. ते साधारण ४५ ते ५२ अंश सेल्सिअसला वितळतं. गरम करून पातळ केलं की फटीफटीत शिरतं, गार झालं की तिथंच थिजतं. त्यातला हलका भाग वर्षानुवर्षं उडून जातो आणि मागे राहतो तो कडक, तपकिरी मेणाचा थर. म्हणजे जितकी वर्षं जास्त, तितकं काढायला अवघड. माझ्या रोलरवर जो कपचा तात्यांनी नखानं काढला, त्यातही हेच घडलं होतं. ग्रीस वेगळं, पण तेलाचा पातळ भाग निघून गेल्यावर मागे जो गाळ राहतो तो सगळीकडं सारखाच अडवतो.

वीस वर्षं ग्रीसमध्ये, आणि मग एका महिन्यात हवं

या ग्रीसची खरी परीक्षा १९४० च्या उन्हाळ्यात झाली. मे अखेर ते ४ जून या काळात इंग्रजांनी फ्रान्समधल्या डंकर्कहून तीन लाखांवर सैनिक समुद्रातून माघारी आणले. माणसं आली, पण तोफा, गाड्या आणि कितीतरी हत्यारं तिकडंच राहिली. जर्मन फौजा समुद्र ओलांडून येतील असं वाटत होतं. गावोगावच्या म्हाताऱ्या-तरण्यांची राखण सेना, म्हणजे होम गार्ड, मे महिन्यातच उभी केली होती. त्यात पहिल्या महायुद्धात लढलेली माणसं होती, शेतकरी होते. हातात मात्र काहींच्या शिकारीच्या बंदुका आणि काहींच्या नुसत्या काठ्या.

अमेरिकेच्या कोठारांत १९१७-१८ साली बनवलेल्या रायफली पडून होत्या. पहिलं महायुद्ध संपल्यावर ग्रीस लावून पेट्यांत भरलेल्या. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती, म्हणून सरकारनं सरळ न देता मध्ये एका पोलाद कंपनीला विकल्याचं दाखवून तो माल इंग्रजांकडं पाठवला. न्यू जर्सीतल्या रॅरिटनच्या धक्क्यावरून जूनमध्ये जहाजं भरली. पाच लाख रायफली, नऊशे तोफा. चर्चिलनी नंतर आपल्या युद्धाच्या इतिहासात या रायफली वीस वर्षांवर ग्रीसमध्ये पडून होत्या आणि दर रायफलीमागं साधारण २५० काडतुसं होती, हे नोंदवून ठेवलंय.

जुलैमध्ये त्या इंग्लंडच्या बंदरांत उतरल्या. खास गाड्या लावून त्या जिल्ह्याजिल्ह्यांत पोचवल्या. आणि पेटी उघडल्यावर आत बंदूक नव्हती, ग्रीसचा गोळा होता. पुरुष आणि बाया रात्रंदिवस बसून ते काढत होते. शत्रू वीस-बावीस मैलांवर समुद्रापलीकडं, आणि इकडं कढत पाणी, चिंध्या आणि घासणं. आपण युद्धाच्या गोष्टी वाचतो त्यात ही माणसं कुठं दिसत नाहीत. पण ज्यानं १९१८ साली मन लावून ग्रीस भरलं आणि जिनं १९४० साली ते मन लावून काढलं, ते दोघं एकमेकांना कधी भेटले नाहीत, तरी काम दोघांचं मिळून एकच होतं.

अजून एक गोष्ट त्यांनी शहाणपणाने केली. या रायफलीचं काडतूस इंग्रजांच्या .३०३ पेक्षा वेगळं होतं. दिसायला बंदूक मात्र जवळजवळ तशीच. म्हणून पुढच्या लाकडावर लाल पट्टा रंगवला. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं. तणनाशकाचा पंप आणि कीटकनाशकाचा पंप वेगळा ठेवा म्हणून कृषी अधिकारी आपल्या मागं लागतात. त्या तणनाशकाच्या पंपाला मी या वर्षी लाल पट्टा मारलाय.

रशियाच्या पेट्या

सगळ्यात जास्त ग्रीस लागलं असेल ते सोव्हिएत रशियात. तिथं या ग्रीसचं नावच 'तोफेची चरबी' अशा अर्थाचं आहे. मोसिन-नागाँ ही त्यांची १८९१ सालची रायफल. सगळ्या प्रकारच्या मिळून साधारण पावणेचार कोटी बनल्या. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्या परत कारखान्यांत आणल्या, तपासल्या, मोडलेले भाग बदलले, लाकडाला नवं लुकण दिलं, नळी ग्रीसने बुजवली, ओशट कागदात गुंडाळल्या आणि एका लाकडी पेटीत वीस अशा भरून कोठारांत रचल्या. फौजेला तोवर नवी हत्यारं आली होती. या जुन्या कशासाठी? पुढच्या युद्धासाठी.

ते युद्ध, ज्याची भीती होती त्या रूपात, आलं नाही. १९९१ ला सोव्हिएत संघच राहिला नाही. पेट्या तशाच. मग रशिया, युक्रेन आणि त्या बाजूच्या देशांनी त्या विकायला काढल्या. गिऱ्हाईक मुख्यतः अमेरिकेत. तिथं सामान्य माणूस लष्करी जुनी रायफल घेऊ शकतो. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत शंभर डॉलरच्या आत एक मिळायची, बरोबर संगीन, पट्टा आणि तेलाची डबी. आपल्याकडल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेल्या रायफलीसुद्धा जुन्या झाल्यावर त्याच बाजारात गेल्या.

या बाजाराला काळी बाजू आहे, तीही लिहितो. १९६३ साली अध्यक्ष केनेडींना मारणाऱ्यानं वापरलेली रायफल इटलीच्या लष्कराची जुनी होती, टपालानं मागवलेली, दुर्बिणीसकट वीस डॉलरच्या आतली. पुढं १९६८ ला तिथं कायदा झाला आणि अशा आयातीला बांध पडला. ऐंशीच्या दशकात संग्राहकांसाठी तो पुन्हा सैल केला. आपल्याकडं .३०३ सारखं लष्करी बोअर सामान्य परवान्यावर मिळत नाही, ते बरंच आहे असं माझं मत.

काढायचं कसं

तर अशी बंदूक घेतलेला माणूस पहिला दिवस काय करतो? ग्रीस काढतो. त्याच्या रीती वाचताना मला जागोजाग आपलं शेड दिसत होतं.

पहिलं काम, बंदूक रिकामी आहे का ते बघणं. पेटीबंद असली तरी. दुसरं, सगळं सुटं करणं. लाकूड वेगळं, लोखंड वेगळं. तिसरं, ऊब. ४५-५० अंशाला वितळणारी वस्तू खरवडत बसण्यात अर्थ नाही. तिकडं लोक उन्हाळ्यात सुटे भाग काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बंद गाडीत उन्हात ठेवतात. चार-पाच तासांत ग्रीस आपोआप तळाला येतं. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पत्र्यावर ठेवलं तरी तेच काम होतंय, फुकटात.

मग उकळतं पाणी. लोखंडी भाग कढत पाण्यात बुडवले की ग्रीस तरंगतं. बाहेर काढल्यावर लोखंड एवढं तापलेलं असतं की पाणी स्वतःच उडून जातं. पण त्याच क्षणी तेलाचा हात फिरवायला लागतो. जेवायला गेलात तर येईपर्यंत लोखंड तांबूस झालेलं असतं. शेवटी फटीतलं राहिलेलं काढायला रॉकेल नाहीतर टर्पेंटाइन आणि जुना दात घासायचा ब्रश. पेट्रोल नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरपटत लांबच्या ठिणगीपर्यंत जाते. आपल्यातले कितीतरी जण अजून बेअरिंग पेट्रोलने धुतात, त्यांच्यासाठी हे वाक्य दोनदा वाचा.

लाकूड उकळायचं नाही. पन्नास वर्षांत लाकडानं ग्रीस पिऊन घेतलेलं असतं. ते उन्हात ठेवायचं, वर आलेला घाम पुसायचा, खडूची पूड लावायची, ती तेल शोषते, झटकायची आणि पुन्हा उन्हात. आठ-आठ दिवस चालतं हे. तरी त्या बंदुकीनं चार गोळ्या झाडल्या, नळी तापली, की लाकूड पुन्हा घाम सोडतंच.

आतली पिन

आता मुद्द्याची गोष्ट. एसकेएस नावाची रशियन रायफल आहे, १९४५ च्या सुमाराची, दहा गोळ्यांची. चीन आणि युगोस्लाव्हियातही ती बनली आणि तिथूनही ग्रीसमध्ये बुडवून अमेरिकेत गेली. या रायफलीच्या बोल्टमध्ये एक पिन असते. घोडा ओढला की ती पुढं जाते आणि काडतुसाच्या बुडावर आपटते. बहुतेक एसकेएसमध्ये या पिनेला मागं ढकलणारी स्प्रिंग नसते. पिन नुसती मोकळी, पुढं-मागं सरकणारी.

लोक बाहेरून बंदूक चकचकीत करायचे. बोल्ट उघडायचे नाहीत, कारण आत ग्रीस आहे हे दिसत नाही. ते थिजलेलं ग्रीस पिनेला पुढच्या बाजूला धरून ठेवायचं. मग पहिली गोळी भरली, बोल्ट पुढं आदळला, की पुढं आलेली पिन आपोआप काडतुसावर बसायची. घोड्याला बोट न लावता बार. त्या झटक्यानं दुसरी गोळी भरली जायची, तीही सुटायची. दहाच्या दहा संपेपर्यंत बंदूक थांबायची नाही. समोर कोण आहे, नळी कुठं आहे, याचा संबंध नाही.

हे वाचताना मला आमचं इंजिन आठवलं आणि मी मोबाइल खाली ठेवला.

१९९० च्या आसपासची गोष्ट. मी दहावी होऊन शेतीत आलो होतो. वडिलांनी एका बंद पडलेल्या कारखान्याच्या गोदामातून लिलावात पाच हॉर्सपॉवरचं ऑइल इंजिन आणलं. न वापरलेलं, पण कित्येक वर्षं पिवळ्या ग्रीसमध्ये पडलेलं. आम्ही दोन दिवस रॉकेलनं धुतलं. मीच धुतलं म्हणा. बाहेरून आरशासारखं झालं. विहिरीवर बसवलं, पट्टा चढवला आणि बापूंनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, हॅन्डल मारलं.

डिझेल कमी-जास्त करणारी एक छोटी दांडी पंपाच्या आत असते. सुरू करताना ती पूर्ण डिझेलवर असते, वेग धरला की गव्हर्नर तिला मागं ओढतो. ती दांडी आतल्या थिजलेल्या ग्रीसमध्ये पूर्ण डिझेलवरच अडकली होती. इंजिनानं वेग धरला आणि धरतच गेलं. आवाज चढत चढत शिट्टीसारखा झाला. पट्टा उडाला आणि बापूंच्या उजव्या हातावर बसला. वडिलांनी ओलं बारदान उचलून हवेच्या तोंडात कोंबलं तेव्हा ते गुदमरून बंद पडलं.

बापूंचं मनगट मोडलं होतं. सांधलं, पण वाकडंच राहिलं. त्यानंतर त्यांना दोन्ही हातांनी खोरं नीट धरता आलं नाही. ते कधी मला बोलले नाहीत. मिस्त्रीनं पंप उघडला तेव्हा आत मेणासारखा गोळा होता, करंगळीच्या नखाएवढा. दोन दिवस मी जे धुतलं ते सगळं बाहेरचं होतं.

दोन गोष्टी ज्या तेलानं जात नाहीत

बंदूकवाल्यांकडून शिकण्यासारखं अजून दोन आहे. पहिलं म्हणजे मीठ. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाला की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीत बसतं. नाव ओळखीचं वाटतंय? तेच आपलं म्युरेट ऑफ पोटॅश, पोत्यातलं. दमट हवेत ते ओल धरतं आणि लोखंड खातं. नळीत कितीही तेल फिरवा, ते मीठ तेलात विरघळत नाही. त्याला पाणीच लागतं. म्हणून इंग्रज शिपाई गोळीबार झाल्यावर नरसाळं लावून नळीत उकळतं पाणी ओतायचा, आणि मगच तेल. रशियन शिपायाच्या डबीला तर दोन तोंडं असायची. एकीत तेल, दुसरीत अल्कलीचं धुण्याचं पाणी.

आपण काय करतो? खताची पेटी रिकामी केली की डिझेलचा बोळा फिरवतो आणि झाकण लावतो. मिठावर तेल. पुढच्या वर्षी पेटीचा तळ चाळणीसारखा. आधी पाणी, मग ऊन, मग तेल, हा क्रम आहे.

दुसरं, काढलेलं ग्रीस आणि ते काढणारं औषध जातं कुठं? महायुद्धानंतर कारखान्यांत आणि लष्करी तळांवर लोखंडावरचा ओशटपणा काढायला ट्रायक्लोरोइथिलीन नावाचा द्रव सर्रास वापरायचे. पेट घेत नाही, ग्रीस क्षणात निघतं, म्हणून आवडतं. वापरून झालं की जमिनीत जायचं. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅम्प लेज्यून या नौसैनिकांच्या तळावर हा द्रव आणि त्याच्यासारखी दुसरी रसायनं पिण्याच्या विहिरींत उतरली. १९५३ ते १९८७ या काळात तिथं राहिलेल्या सैनिकांनी, त्यांच्या बायकामुलांनी ते पाणी प्यालं. कर्करोगासारखे आजार झाले. त्यांना न्यायालयात भरपाई मागता यावी असा कायदा व्हायला २०२२ साल उजाडलं. बंदूक साफ झाली, विहीर नासली. रॉकेल काय आणि डिझेल काय, धुतलेलं घाण तेल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका. डब्यात साठवा, गाळ बसू द्या, वरचं पुन्हा धुवायला वापरा.

मृगाआधी

तर या वर्षी मी काय केलं ते थोडक्यात लिहितो. रोलर, साखळी, बेअरिंग सगळं सुटं केलं. दुपारच्या उन्हात पत्र्यावर ठेवलं. रॉकेलनं धुतलं, खताचा भाग आधी पाण्यानं. उघड्या पत्र्याला हलकं तेल, जिथं फिरतं तिथंच नवं ग्रीस. आणि हंगाम संपल्यावर ठेवताना एक चिठ्ठी बांधणार आहे, कुठं कुठं ग्रीस भरलं आणि काय काय उघडून साफ करायचं याची. पुढच्या वेळी ते काढणारा मीच असेन असं नाही. पोरगा असेल, गडी असेल. १९१८ च्या माणसाला १९४० ची बाई माहीत नव्हती, तसंच हे.

आणि जपून ठेवलेलं कधी बाहेर निघेल याचा नेम नसतो. २०२२ ला युक्रेनमध्ये लढाई सुरू झाली तेव्हा रशियाच्या बाजूनं डोनबासमध्ये भरती केलेल्या पोरांच्या हातात त्याच मोसिन रायफली दिसल्या. १८९१ ची रायफल, १३१ वर्षांनी. कुणीतरी ती पेटी उघडली असेल, घाईघाईत ग्रीस पुसलं असेल. आत पाहिलं की नाही, देव जाणे.

एसकेएस वापरणारे जुने लोक बोल्ट साफ केल्यावर एक साधी परीक्षा घेतात. बोल्ट कानाजवळ धरून हलवतात. आतली पिन खडखडली तर ठीक. आवाज आला नाही तर पुन्हा उघडायचा. काल मी रोलर बसवायच्या आधी फिरवून बघितला, गव्हर्नरची दांडी बोटानं सरकवून बघितली. शेजारी तात्या उभे होते. म्हणाले, "आता वाजतंय. आता घाल बी."

तुम्हीही या चार दिवसांत एकदा हलवून ऐका.